खालच्यांना मिळालं का?

शोभेच्या माशांच्या कुठल्याही दुकानात गेलात की एक वाक्य हमखास कानावर पडतं. तुम्ही चार रंगीत मासे निवडता, प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरलं जातं, आणि जाळी हातात धरून दुकानदार विचारतो, "एखादा क्लीनर टाकू का? टाकी साफ ठेवेल." कुर्ल्याच्या बाजारात हेच, ठाण्यात स्टेशनबाहेर हेच. हा 'क्लीनर' म्हणजे बहुतेक वेळा काळपट, ठिपक्याठिपक्यांचा सकर मासा असतो, नाहीतर मिशाळ कोरीडोरासची जोडी. हे खातात काय असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "त्यांना वेगळं काही लागत नाही. वरच्यांचं उरलेलं खातात."

या वाक्याचा मला राग आहे, आणि तो फक्त माशांपुरता नाही. पण आधी मासे.

माशाने कुठल्या मजल्यावर जेवायचं हे त्याच्या तोंडावरून कळतं. गप्पीचं तोंड किंचित वर वळलेलं असतं. तो पृष्ठभागावर तरंगणारं टिपतो. टेट्रा, बार्ब यांचं तोंड सरळ समोर. खाली पडत जाणारा घास ते मधल्यामध्ये उचलतात. कोरीचं तोंड मात्र खाली, पोटाच्या बाजूला, आणि त्याभोवती मिशा. 'कम्युनिटी टँक' हे नाव मोठं गोड आहे. वेगवेगळ्या जातींचे शांत स्वभावाचे मासे एकत्र नांदतात ती टाकी. प्रत्यक्षात ती तीन मजली चाळ असते आणि जेवण कायम गच्चीवरून वाटलं जातं. चिमूटभर फ्लेक टाका आणि घड्याळ लावून बघा. अर्ध्या मिनिटात वरचा मजला आणि मधला मजला सगळं फस्त करतो. तळाला पोचतं ते नशिबाने. बाकी पोचते ती वरच्यांची विष्ठा, आणि ती कोरी खात नाहीत. सकरही तिच्यावर जगत नाही. काचेवरचं शेवाळ तो खरवडतो हे खरं, पण ते किती दिवस पुरणार? महिन्याभरात काच चकचकीत होते, घरातले कौतुक करतात, आणि आत मासा हळूहळू पोटाने खपाटीला जात असतो. मासे मरताना आवाज करत नाहीत, त्यामुळे दुकानदाराचं वाक्य खोटं पडत नाही.

कोरीडोरास मूळचे दक्षिण अमेरिकेतले. ग्रीक शब्दांची फोड केली तर नावाचा अर्थ साधारण 'शिरस्त्राण आणि कातडं' असा निघतो, कारण अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्यांच्या दोन रांगा असतात, चिलखतासारख्या. दीडशेहून अधिक जाती. २०२४ साली शास्त्रज्ञांनी या मोठ्या कुटुंबाची वाटणी केली, त्यामुळे आमच्या घरातले कांस्यरंगी मासे आता कागदोपत्री कोरीडोरास राहिलेले नाहीत, ऑस्टिओगास्टर झाले आहेत. त्यांना याची कल्पना नाही आणि मीही त्यांना कोरीच म्हणते. मराठीत अशा माशांना 'मांजरमासा' म्हणतात असं शाळेच्या पुस्तकात होतं. बाजारात हा शब्द वापरणारं कुणी मला भेटलं नाही. तिथे शिंगाळा असतो, मागूर असतो, शिवडा असतो. जो मासा आपण खातो त्याला आपण नाव ठेवलेलं असतं.

जंगलातल्या ओढ्यात कोरी वाळू चाळून जगतात. तोंडभर वाळू घ्यायची, त्यातली अळी, किडा, कवचधारी जीव ठेवायचा आणि वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडून द्यायची. पीठ चाळणाऱ्या बाईची लय असते तशी लय असते त्याला. मिशांवर चव कळते, म्हणजे जिभेने जमीन चाचपत चालल्यासारखंच हे. म्हणून टाकीत रंगीबेरंगी धारदार खडे घातले की मिशा झिजतात, मग अन्न सापडत नाही. आमच्या टाकीत बारीक, गोल कणांची वाळू आहे. घरी आणल्यावर ती एकवीस बादल्या पाण्याने धुतली होती. एकवीस हा आकडा मी अजून नवऱ्याला ऐकवते.

टाकी तशी माझी नव्हे. तीन फुटी, शंभर लिटरच्या आसपास पाण्याची. लेकाने दहावीनंतर हट्टाने घेतली, पुढे तो शिकायला बंगळुरूला गेला आणि टाकी माझ्याकडे आली. डझनभर टेट्रा, गोरामीची एक जोडी, आणि तळाला सहा कोरी. त्याआधी एक सकरही होता. दोन इंचांचा म्हणून आला आणि वर्षभरात वीतभर झाला. हा मासा दीड फुटापर्यंत वाढतो हे विकताना कुणी सांगत नाही. सोसायटीतल्या एकांनी मोठ्या उदार मनाने सुचवलं, "तलावपाळीला सोडून द्या, पुण्य लागेल." असंच पुण्य कमावत लोकांनी हे मासे देशभरच्या पाण्यात सोडले आहेत. भीमेवरच्या उजनी जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात ते येतात. अंगावरच्या चिलखताने जाळी फाटते, बाजारात भाव शून्य. काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतात, हवेतूनही श्वास घेऊ शकतात, सहजासहजी मरत नाहीत. आमचा सकर दुसऱ्या एका हौशी माणसाच्या सहा फुटी टाकीत गेला. तळ्यात नव्हे.

तर तळातल्यांना जेवायला घालायचं म्हणजे काय करायचं? युक्त्या साध्या आहेत. बुडणारं खाणं घ्यायचं, चकत्या किंवा गोळ्या, ज्यात मासळीचा आणि कोळंबीचा अंश जास्त आहे. कोरी मांसाहारी अंगाच्या आहेत. नुसत्या शेवाळाच्या हिरव्या चकत्या त्यांना पुरत नाहीत. वरच्यांना आधी टाकीच्या एका टोकाला गुंतवायचं आणि मग दुसऱ्या टोकाला खालच्यांचं सोडायचं. पण टेट्रा हुशार, दोन दिवसांत त्यांना दोन्ही पंक्ती कळतात. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे दिवे मालवून अर्धा तास थांबायचं. वरचे मासे झाडांच्या आडोशाला स्थिरावतात, आणि तेव्हा खालच्यांची खरी पहाट होते. पोट बघायचं, बस. खालून बघितल्यावर किंचित गोल दिसलं की ठीक. आमच्या सहा जणांना रात्री दोन गोळ्या पुरतात, आठवड्यातून एकदा गोठवलेल्या रक्तकृमींचा तुकडा, आणि एक दिवस उपास. सकाळी काही उरलेलं दिसलं तर नळीने ओढून काढायचं.

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. टाकीत अन्न कमी पडून मासे मरतात त्याहून कितीतरी जास्त अन्न उरून मरतात. उरलेलं कुजतं, अमोनिया होतो. जुन्या टाकीत जिवाणूंची वस्ती असते. एक जमात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट, आणि ते आपण दर आठवड्याला पाणी बदलून काढतो. पण जिवाणूंनाही मर्यादा असते. एका रात्रीत चौपट अन्न पडलं तर ते पुरे पडत नाहीत. आणि हा अमोनिया सगळ्यात आधी साचतो कुठे? अन्न कुजतं तिथेच, तळाच्या वाळूत. म्हणजे कमी पडलं तर खालचे उपाशी, जास्त पडलं तर खालच्यांच्या उशाशी विष.

आता दुकानदाराच्या वाक्याकडे येते. आम्ही साताऱ्याकडचे. माझ्या लहानपणी एका वेळी चौदा पानं व्हायची. पुरुष, मग मुलं, मग आजी आणि पाहुण्या बायका, आणि शेवटी आई आणि काकू. दूध तापवलेल्या पातेल्याची खरवड, भाताच्या तळाची खरपुडी, भाजीचा मसाला चिकटलेली कढई हे आईचं. "तिला खरवडच आवडते," असं घरात सगळे कौतुकाने म्हणायचे. मीही म्हणायचे, पाचवीत 'माझी आई' या निबंधात ते लिहिलंही होतं आणि बाईंनी त्याखाली रेघ मारून 'छान' असा शेरा दिला होता. आईला खरोखर काय आवडायचं हे कळायला माझं लग्न व्हावं लागलं. ती पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आली तेव्हा मी तिला आधी वाढलं. तिने दोन वाट्या ताजी, घट्ट साय साखर घालून खाल्ली आणि म्हणाली, "खरवड कसली गं, तोंडात टोचते."

हिंदीत ओमप्रकाश वाल्मीकींच्या आत्मचरित्राचं नावच 'जूठन' आहे. उष्टं. आपल्याकडे कुणी उष्टं-शिळं खायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरवून दिलं गेलं आणि वर त्यांना तेच लागतं असंही ठरवलं गेलं. मी माशाची आणि माणसाची तुलना करत नाही. त्या पुस्तकातल्या दुःखापुढे काचेच्या पेटीतली उपासमार म्हणजे काहीच नाही. मला फक्त ते वाक्य ओळखीचं वाटतं. 'त्यांना वेगळं काही लागत नाही.' हे वाक्य कायम वाढणाऱ्याच्या तोंडी असतं.

आई तीन वर्षांपूर्वी कायमची आमच्याकडे आली, स्मृतिभ्रंशाचं निदान झाल्यावर. तेव्हा ती अठ्ठ्याहत्तरची होती. जुनं सगळं लख्ख आठवतं, विहिरीवर किती पायऱ्या होत्या तेसुद्धा. दहा मिनिटांपूर्वीचं नाही. दिवसभर बरी असते. संध्याकाळी दिवे लागले की बेचैन होते, उठते, बसते, दारापाशी जाते. आणि सव्वाआठला जेवली की पावणेनऊला विचारते, "आज जेवायला नाही का?" पहिल्या महिन्यात हे ऐकून पोटात खड्डा पडायचा. शेजारी कुणी ऐकलं तर काय म्हणतील हीही भीती, खोटं कशाला बोलू.

भूक ही पोटात असते असं आपण समजतो. १९९८ साली पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांनी स्मृती गेलेल्या दोन माणसांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. दुपारचं जेवण झाल्यावर दहा ते तीस मिनिटांनी त्यांच्यापुढे पुन्हा ताट ठेवलं. त्यांनी ते खाल्लं. पुन्हा ठेवलं, तर तिसऱ्यालाही बहुतेक वेळा सुरुवात केली. म्हणजे 'झालं माझं' असं आपण म्हणतो ते काही प्रमाणात पोटाने आणि काही प्रमाणात आठवणीने म्हणतो. आईची अर्धी साक्ष निघून गेली होती.

तिची खुर्ची टाकीसमोर गेली ती योगायोगाने, तिथे पंख्याचा वारा बरा लागतो म्हणून. पुढे एका डॉक्टरांकडून कळलं की याला थोडासा आधारही आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या नॅन्सी एडवर्ड्स आणि अॅलन बेक यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या जेवणघरात माशांच्या टाक्या ठेवून बघितल्या होत्या. २००२ च्या त्यांच्या लेखात बासष्ट रुग्णांची नोंद आहे. टाकी आल्यावर त्यांचं खाणं वाढलं, वजनही वाढलं. आम्ही जेवणाचं टेबलच टाकीजवळ सरकवलं. आईचं खाणं वाढलं की नाही हे वजनकाट्यावर मला ठामपणे दिसलं नाही, पण ती ताटावरून मध्येच उठून जायची ते कमी झालं. एवढंही पुष्कळ होतं.

आता माशांच्या बाजूने बघा. माशांना एक खोड असते: काचेजवळ कुणी आलं की ते धावत येतात, तोंडं उघडझाप करतात. पाच मिनिटांपूर्वी जेवलेले असले तरी येतात. समोर बसलेल्या बाईला काही आठवत नाही आणि आतले बारा टेट्रा दर वेळी शपथेवर सांगतात की आम्ही उपाशी आहोत. साक्षीदार इतके फितूर असल्यावर न्याय काय होणार?

त्यात कोरींची एक वेगळीच गंमत. त्या मधूनच तळ सोडून बाणासारख्या वर जातात, पृष्ठभागावर हवेचा एक घोट घेतात आणि तितक्याच वेगाने परत खाली. ही हवा त्या गिळतात; आतड्याच्या मागच्या भागातून प्राणवायू रक्तात जातो. उन्हाळ्यात ठाण्यात टाकीचं पाणी तीस अंशांवर गेलं की पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि या फेऱ्या वाढतात. मला ते श्वास दिसतात. आईला वेगळं दिसतं. "बघ," ती म्हणते, "खालचा वर येऊन मागून गेला. कुणी दिलं नाही म्हणून परत गेला बिचारा." आणि मग तिचा प्रश्न, जो आमच्या घरात दिवसातून वीसेक वेळा विचारला जातो: "खालच्यांना मिळालं का गं?"

वरच्यांबद्दल ती कधीच विचारत नाही. त्यांची काळजी तिला वाटत नसावी. आयुष्यभर वाढलेल्या बाईला कुठल्या पंगतीला कमी पडतं ते कळतं.

व्हायचं ते एका मे महिन्यात झालं. रात्री कधीतरी उठून तिने फ्लेकचा अख्खा डबा टाकीत उपडा केला, वर फडताळातल्या दोन पोळ्या कुस्करून. सकाळी पाणी दुधासारखं पांढरं. अमोनिया तपासायच्या थेंबांनी नळीतला रंग पिवळा राहायला हवा, तो गर्द हिरवा झाला. अर्धं पाणी काढलं, क्लोरीन घालवलेलं नवं भरलं, संध्याकाळी पुन्हा तेच. पाच टेट्रा आणि गोरामीतली मादी गेली. कोरी वर येऊन हवा पीत होत्या, सहाच्या सहा वाचल्या. आई खुर्चीत बसून मला विचारत होती, एवढी बादल्यांची धावपळ कशाला, आज घरात कार्य आहे का.

भावाचा फोन आला. तो न्यू जर्सीत असतो आणि उपाय तत्काळ सांगतो. "मासे काढून टाक. आईला त्रास, तुला त्रास." नवऱ्याचंही तेच मत, जरा हळू आवाजात. आणि मला स्वतःला एक निराळीच टोचणी होती: मासे म्हणजे काही उपचाराचं साधन नाही. आईला बरं वाटावं म्हणून दुसऱ्या कुणी जीव पणाला लावायचा, तेही ज्यांना विचारलेलं नाही त्यांनी, हे मला पटत नव्हतं आणि आजही पटत नाही. टाकी ठेवायची तर माशांच्या अटींवर ठेवायची, नाहीतर खरंच देऊन टाकायची. एक आठवडा मी खाण्याचे सगळे डबे कपाटात कुलपात ठेवले. तो आठवडा वाईट गेला. आई घरभर शोधायची. भाताची शितं, बिस्किटाचा चुरा, एकदा रक्तदाबाची गोळी, जे मिळेल ते पाण्यात. तिला आपण काय शोधतोय हे आठवत नसायचं, पण कुणीतरी उपाशी आहे एवढं पक्कं असायचं.

मार्ग निघाला तो आमच्याकडे दिवसा आईला सांभाळायला येणाऱ्या मावशींमुळे. त्या म्हणाल्या, "ताई, आजींना आपण काय करतो? एकच पोळी चार वेळा वाढतो ना?" खरंच, तेव्हापर्यंत आईच्या जेवणाचं आम्ही तसंच करून घेतलं होतं. 'तू जेवलीस' असं सांगून उपयोग नसतो, ते तिला खोटंच वाटतं. त्यापेक्षा रात्रीचं जेवणच वाटून टाकायचं. आधी अर्धी पोळी, मग वाटीभर खिमटी, मग चार चमचे दही, मग सफरचंदाची फोड. विचारलं की मिळतं. मग माशांचं का नाही?

आईची जुनी पितळी कुयरी होती, हळदी-कुंकवाची, दोन कप्प्यांची. रोज सकाळी मी दोन बुडत्या गोळ्या खलबत्त्यात भरड कुटते आणि कुयरीच्या एका कप्प्यात घालते. तेवढंच. दिवसाचा कोटा. दुसऱ्या कप्प्यात वरच्यांसाठी चुरलेले फ्लेक, चिमूटभर. कुयरी आईच्या हाताशी असते. तिने वीसदा घातलं तरी वीसदा मिळून दोनच गोळ्या पडतात. चिमटीने हळद-कुंकू घेण्याची सवय बोटांत इतकी मुरलेली आहे की ती कधी मूठ भरत नाही. कुयरी रिकामी झाली की आपणच म्हणते, "संपलं, आता उद्या." डब्याच्या बाबतीत हे तिला कधी कळलं नव्हतं. कुयरीच्या बाबतीत कळतं. का, ते डॉक्टरांनाही विचारलं. ते हसले आणि म्हणाले चालू द्या.

यात खालच्यांचा प्रश्न सुटत नव्हता, कारण दिवसा टाकलेली भरड टेट्राच पळवतात. म्हणून एक गोळी मी अख्खी मागे ठेवते. रात्री साडेदहाला टाकीचा दिवा मालवतो. अकराला आई आणि मी तिथे बसतो. टॉर्चवर लाल जिलेटीनचा कागद रबरबँडने बांधलाय. त्या उजेडाने मासे बिचकत नाहीत. आई गोळी सोडते. ती वाळूवर टेकेपर्यंत काही होत नाही. मग एका लाकडामागून मिशा दिसतात, एक येते, तिच्या मागोमाग दुसरी. नाक वाळूत खुपसून, शेपट्या वर करून, एकमेकींच्या अंगावरून चढत सहाजणी जेवतात. कल्ल्यांतून वाळूचा धूर निघतो. मधूनच एखादी डोळा खाली फिरवते, तो थेट डोळा मारल्यासारखा दिसतो आणि आई दर वेळी हसते. दर वेळी पहिल्यांदाच बघितल्यासारखी. रात्री या वेळी ती मला बहुधा अक्का म्हणते. अक्का तिची मोठी बहीण, १९७१ साली गेली. मी 'ओ' देते.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते, दुसरीकडे कुठे बसणार नाही. साताऱ्याच्या घरात कामाला येणाऱ्या बाईंचा कप वेगळा असायचा, मोरीच्या वरच्या कोनाड्यात, पालथा. तो आईच ठेवायची. आता दुपारी चारला मावशी चहा करतात आणि दोघी टाकीसमोर बसतात. आई स्वतःचा कप अर्धा पिऊन विसरते, मग मावशींचा उचलते आणि त्यातला पिते. मावशी काही बोलत नाहीत, आईचा कप आपल्याकडे ओढून घेतात. या आजाराने आमचं पुष्कळ काही नेलं. तो कोनाडाही नेला.

यंदा जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला त्याच दिवशी मी पाणी बदललं होतं, नेहमीपेक्षा गार. दुसऱ्या सकाळी मावशींनी हाक मारली, काचेला साबुदाणे चिकटलेत म्हणून. कोरींनी अंडी घातली होती. गार पाणी आणि पडलेला हवेचा दाब यांनी त्यांना पावसाळा आल्याचं कळतं. त्यांच्या देशातही पूर आला की हेच करतात. मादी पोटाखालच्या परांची ओंजळ करते, त्यात दोन-चार अंडी धरते आणि काचेवर नेऊन एकेक चिकटवते. त्याआधीचा प्रकार तर विलक्षण आहे. कांस्यरंगी कोरीची मादी नराचं वीर्य तोंडाने पिते आणि ते आतड्यातून जाऊन अंड्यांपर्यंत पोचतं, असं जपानी संशोधकांनी १९९५ साली दाखवून दिलं. हे मी आईला सांगितलं नाही.

अंडी टाकीत ठेवली तर संध्याकाळपर्यंत शिल्लक राहत नाहीत, आईबापच खातात. जुन्या एटीएम कार्डाने मी ती अलगद सोडवली, आइस्क्रीमच्या डब्यात टाकीचंच पाणी घेतलं, बुरशी धरू नये म्हणून निळ्या औषधाचा थेंब घातला आणि हवेची बारीक नळी सोडली. तेहेतीस अंडी होती. नऊ पांढरी पडली. चौथ्या दिवशी उरलेल्यांतून डोळे आणि शेपट्या बाहेर आल्या. दोन दिवस त्या पिल्लांना काही लागत नाही, पोटाशी बलक असतो. त्यानंतर मात्र त्यांची पोटं इतकी लहान असतात की एकदाच भरपूर घालून चालत नाही. अगदी पिठासारखं बारीक, थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा घालावं लागतं, आणि दोनदा पाणी बदलावं लागतं.

पाणी मावशी बदलतात, सकाळी नऊला आणि संध्याकाळी निघायच्या आधी. खाणं आईकडे आहे. डबा तिच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर ठेवलाय. ती विचारते, "यांना मिळालं का?" आणि आम्ही घड्याळ बघतो. पुष्कळदा मिळालेलं नसतं. मग ती कुयरी उघडते. सध्या डब्यात अकरा पिल्लं आहेत, नखाएवढी, मिशा फुटलेली. मोठ्या टाकीत सोडायला अजून महिना तरी जाईल.